साठत नाही ते

एक लिटर पाण्यात खोलीच्या तापमानाला जवळजवळ दोन किलो साखर विरघळते. त्याच पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळतो तो ८ मिलिग्रॅमच्या आसपास. पेशीला दोन्ही लागतात. पाण्याने दोघांना सारखी जागा दिलेली नाही.

१० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळायला सुमारे १०.७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरभर पाण्यात एका वेळी मावतो त्याच्या तेराशेपट. हवेत ऑक्सिजनला तोटा नाही, पाचवा हिस्सा तोच आहे. पण पेशी हवेत राहत नाही, पाण्यात राहते. डोक्यावर मुबलक असणं आणि हाताशी असणं यांत जे अंतर पडतं, तेवढंच अंतर तोडण्यासाठी पेशी वाढवायच्या टाकीची, फर्मेंटरची, सगळी यंत्रसामग्री उभी आहे.

*

फर्मेंटरमध्ये दाट वाढलेले जिवाणू लिटरमागे तासाला ३ ग्रॅम ऑक्सिजन सहज खातात. ३७ अंशांच्या पाण्यात मुळात तो जेमतेम ७ मिलिग्रॅम. हवा बंद केली तर हा साठा आठ-दहा सेकंदांत संपतो.

पंगतीत मीठ एकदा वाढलं की झालं; गरम पोळीसाठी वाढप्याला सारखं फिरावं लागतं. टाकीतली साखर म्हणजे पानातलं मीठ, ऑक्सिजन म्हणजे पोळी.

साठवता येतं त्याचा हिशेब किलोत होतो. साठवता येत नाही त्याचा हिशेब तासाला किती, असाच करावा लागतो.

*

० अंशाला पाण्यात १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना ८.२, ३७ अंशांना ६.७. पाण्यात मीठ-साखर असेल तर आणखी कमी.

ऊब मिळाली की पेशीची भूक वाढते आणि नेमकी तेव्हाच पाण्याची झोळी लहान होते. जेवण जितकं दाट, तितका श्वास पातळ.

*

शरीरापुढेही हाच प्रश्न होता. लिटरभर रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन ३ मिलिलिटर. हिमोग्लोबिन धरून ठेवतं तो २०० च्या घरात. शरीराने पाण्याचा स्वभाव बदलला नाही, पाण्यात वाहक सोडले.

टाकीत हिमोग्लोबिन नाही. तिथे मोटर आहे.

*

मधोमध उभा दांडा. दांड्याला आडवी गोल चकती, चकतीच्या कडेला सहा उभी सपाट पाती. हा रश्टन टर्बाइन. जे. एच. रश्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घुसळण्यांना किती शक्ती लागते याची पद्धतशीर मापं १९५० साली छापली. त्यानंतर कितीतरी नव्या घडणीची पाती आली, तरी तुलना करायची वेळ आली की आजही याच सहा पात्यांकडे बोट जातं.

चकतीच्या खाली पोकळ कडं, त्याला बारीक भोकं. त्यातून गाळून निर्जंतुक केलेली हवा वर येते. चकती नसती तर ती दांड्याच्या कडेने सरळ निघून गेली असती. चकती तिचा सोपा रस्ता अडवते आणि तिला पात्यांपाशी आणून सोडते. फिरत्या पात्याच्या पाठीमागे भोवरा असतो, भोवऱ्यात हवा खिसा करून बसते, आणि त्या खिशाच्या शेपटाशी बुडबुडे तुटून निघतात. पात्याची धार बुडबुडा कापत नाही. पात्यामागची खळबळ त्याला फाडते.

*

टाकीच्या आतल्या भिंतीला चार उभ्या पट्ट्या असतात, बॅफल. रुंदी टाकीच्या व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी. त्या काढून टाकल्या तर सगळा द्रव दांड्याभोवती गरगरतो आणि मध्ये खड्डा पडतो. वेग भरपूर, मिसळण जवळजवळ नाही. सगळे एकाच दिशेने एकाच वेगाने निघाले की कोणाची कोणाशी गाठ पडत नाही.

बॅफल हलत नाहीत, काही देत नाहीत, फक्त आड येतात. त्यांच्यावर आपटून प्रवाह मोडतो, आणि मोडलेलाच प्रवाह मिसळतो.

*

एक सेंटिमीटर व्यासाचा एक बुडबुडा फोडून एक मिलिमीटरचे हजार केले, तर हवा तेवढीच राहते आणि पृष्ठभाग दहापट होतो. शिवाय लहान बुडबुडा हळू चढतो, पाण्यात जास्त वेळ काढतो.

अभियंता ऑक्सिजन देत नाही. ऑक्सिजन आणि पाणी जिथे भेटतील ती हद्द तो वाढवतो. देणंघेणं त्यांचं त्यांच्यात होतं.

*

मग हवाच भरमसाट सोडली तर?

एका मर्यादेपलीकडे पाती हवेतच बुडतात. त्यांना ढकलायला पाणी उरत नाही. मोटर हलकी चालते, मीटरवर विजेची बचत दिसते, आणि बुडबुडे मोठे-मोठे होऊन दांड्यालगत वर निघून जातात. कारखान्यात याला फ्लडिंग म्हणतात. पूर पाण्याचाच येतो असं नाही, हवेचाही येतो.

यंत्राला अचानक कष्ट पडेनासे झाले, तर आधी त्याचं काम चालू आहे का ते पाहावं.

*

आत येणारी हवा सुमारे २१ टक्के ऑक्सिजन घेऊन येते, आणि बऱ्याचदा त्यातला बहुतांश घेऊनच बाहेर पडते. जिवाणूंच्या टाकीत दर मिनिटाला टाकीतल्या द्रवाइतकी हवा सोडतात, कधी थोडी कमी-अधिक. त्यातला पाचवा भाग वापरला गेला तरी बॅच चांगली चालल्याचं मानतात.

यातली उधळपट्टी थांबवायला म्हणून हवा पाचवा भागच सोडली, तर तो पाचवा भागही पोचत नाही. काही गोष्टी पुरेशा पोचाव्यात म्हणून जास्तच द्याव्या लागतात.

*

बुडबुड्याला लागून पाण्याचा एक पातळ पापुद्रा असतो, आणि खरी अडवणूक तिथे होते. बुडबुड्यातल्या बुडबुड्यात ऑक्सिजन सैल फिरतो. पाण्यात एकदा शिरला की घुसळण त्याला नेते. अडतो तो उंबरठ्यावर. १९२३ मध्ये व्हिटमन यांनी हे चित्र मांडलं: दोन्ही बाजूंना दोन स्थिर पापुद्रे, आणि ते ओलांडणारा वायू.

१९५१ मध्ये पीटर डँकवर्ट्स यांनी त्यातलं 'स्थिर' काढून टाकलं. खवळलेल्या पाण्यात पापुद्रा स्थिर कसा राहील? पाण्याचा एक थेंबभर भाग पृष्ठभागावर येतो, क्षणभर वायू पितो, आत ओढला जातो, आणि त्याच्या जागी दुसरा कोरा भाग येतो. जितक्या लवकर बदली, तितकी जास्त आवक. हे लिहिणाऱ्या माणसाने १९४० मध्ये, हवाई हल्ल्यांच्या दिवसांत, लंडनवर पडलेले न फुटलेले सुरुंग निकामी केले होते. जॉर्ज क्रॉस त्यासाठीच मिळाला. पृष्ठभागावर फार वेळ थांबू नये, हे त्याला दुसऱ्या वाटेनेही माहीत असणार.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांच्या हाताखाली मन मोहन शर्मा शिकले आणि मुंबईत माटुंग्याला यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, येऊन शिकवू लागले. वायू आणि द्रव यांच्या भेटीवर शर्मा, आणि नंतर ज्येष्ठराज जोशी यांनी तिथे जे काम केलं, ते जगभर वाचलं जातं.

*

आवक किती होईल हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, टाकीची ताकद: किती पृष्ठभाग, किती खळबळ. दुसरी, तफावत: पाण्यात मावू शकतो किती आणि प्रत्यक्षात आहे किती.

पाणी काठोकाठ भरलेलं असेल तर आवक शून्य. पाणी पूर्ण रिकामं असेल तर आवक सर्वांत जास्त, पण तोवर पेशी गुदमरलेली. म्हणून टाकीतला ऑक्सिजन मध्ये कुठेतरी ठेवतात, बऱ्याचदा मावू शकेल त्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास. ओढ राहील इतकी उणीव, आणि जगता येईल इतकी शिल्लक.

*

गुदमरलेली पेशी लगेच मरत नाही. आधी ती काम बदलते. यीस्ट दारू करू लागतं. ई. कोलाय आम्लं सोडू लागतो. सस्तन प्राण्यांच्या पेशी लॅक्टिक आम्ल साठवू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला टाकी चालूच दिसते.

हवा मिळाली की यीस्ट वाढतं जास्त आणि आंबवतं कमी, हे पाश्चर यांनी १८६१ मध्ये नोंदवलं. दारूच्या भट्टीला जे हवं, तेच पावासाठी यीस्ट वाढवणाऱ्या कारखान्यात नुकसान. पेशी दोन्हीकडे तीच. तिला श्वास किती मिळाला यावरून तिचा धंदा ठरला.

*

१९४० मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्यापुढे पेनिसिलिनची बुरशी होती आणि ती वाढवायला भांडी नव्हती. त्यांनी डबे, बाटल्या, दवाखान्यातली बेडपॅन वापरली. हीटली यांनी मग तशाच बेताची चिनी मातीची उथळ भांडी करून घेतली. उथळ का? कारण बुरशी पृष्ठभागावर साय धरून वाढते आणि हवा तिथेच मिळते. जास्त औषध हवं तर जास्त पृष्ठभाग, म्हणजे आणखी भांडी, आणखी फळ्या, आणखी हात.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ते औषध एका पोलिसाला दिलं. तो सुधारू लागला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचलं. पाच दिवसांत साठा संपला. मार्चमध्ये तो गेला. औषध लागू पडलं होतं, पुरलं नाही.

*

उपाय खोलीत सापडला. खोल टाकीत बुरशी बुडवायची आणि हवा तिच्यापर्यंत खाली न्यायची. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यासाठी चालणाऱ्या बुरशीचा आणि खाद्याचा शोध झाला. ब्रुकलिनमध्ये फायझरने बर्फाचा एक जुना कारखाना घेतला आणि मार्च १९४४ मध्ये तिथे साडेसात हजार गॅलनच्या चौदा टाक्या सुरू झाल्या. एकेक टाकी सुमारे २८ हजार लिटरची. त्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याजवळच्या पेनिसिलिनचा मोठा वाटा तिथला होता.

ऑक्सफर्डने पेशींना पृष्ठभागावर आणलं होतं. ब्रुकलिनने पृष्ठभाग पेशींपर्यंत खाली नेला. बुडबुडा म्हणजे बुडवता येणारा पृष्ठभाग.

दहा-अकरा वर्षांत ही टाकी पिंपरीला पोचली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९५५ मध्ये पेनिसिलिन निघू लागलं. 

*

बुरशीचे धागे वाढले की टाकीतला द्रव, ब्रॉथ, खिरीसारखा दाट होतो. मग पात्यांजवळ खळबळ आणि भिंतीजवळ सामसूम. पात्यांभोवती एक गुहा तयार होते, तिच्यात सगळं ढवळतं, तिच्याबाहेरचं जागचं हलत नाही. वरून पाहणाऱ्याला मधलं फिरतं दिसतं आणि सगळं फिरतंय असं वाटतं.

*

ऑक्सिजन देण्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

उष्णता. पेशीने ऑक्सिजन वापरला की ऊब निघतेच. तासाला लिटरमागे ३ ग्रॅम खाणाऱ्या हजार लिटर ब्रॉथमधून सुमारे १३ किलोवॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. मोठ्या टाकीत पुष्कळदा हवा आणखी देता आली असती, पण थंड करता आलं नसतं.

फेस. हवा आणि प्रथिनं एकत्र आली की फेस येतो, वर चढतो, बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर भिजवतो, आणि बॅच धोक्यात येते. म्हणून अँटिफोम टाकतात. अँटिफोमने फेस बसतो, पण खाली लहान बुडबुडेही एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, पडतो. वरचा गोंधळ मिटवायला टाकलेला थेंब खालचा श्वास कमी करतो. हात आखडून टाकावा.

तिसरी किंमत खुद्द पेशी देतात.

*

आजची कितीतरी महागडी औषधं चिनी हॅमस्टरच्या पेशींत बनतात. ही जात १९५० च्या दशकात एका मादीच्या अंडाशयातून वेगळी केली आणि ती अजून वाढतेच आहे. या पेशींना जिवाणूंसारखी कडक भिंत नाही. श्वास कमी लागतो, पण मार सोसत नाही.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय पात्यांवर होता. फिरतं, धातूचं, डोळ्यांना दिसणारं. बारकाईने पाहिल्यावर मुख्य घातक निघाला बुडबुडा, तोही वर पोचून फुटताना. पेशी बुडबुड्याला चिकटून वर येतात, आणि त्याचा पापुद्रा फाटतो त्या क्षणी निघालेल्या झटक्यात सापडतात. प्लुरॉनिक एफ-६८ नावाचा पदार्थ अगदी थोडा घातला तर पेशी बुडबुड्याला चिकटत नाहीत आणि वाचतात.

जो श्वास आणतो त्याच्याशी चार बोटं अंतर ठेवूनच जगता येतं.

*

एक लिटरच्या टाकीत टाकलेला थेंब काही सेकंदांत सगळीकडे पोचतो. दहा-वीस हजार लिटरच्या टाकीत त्याला मिनिटभर लागतं, कधी जास्त. दाट जिवाणू मिनिटभरात पाण्यातला ऑक्सिजन कितीतरी वेळा संपवू शकतात. म्हणजे मोठ्या टाकीत पेशी एका हवामानात राहत नाही. पात्यांजवळ सुकाळ, वर कोपऱ्यात दुष्काळ, पुन्हा पात्यांजवळ. दहा मीटर खोल टाकीच्या तळाशी दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणून ऑक्सिजनही जवळजवळ दुप्पट मावतो.

ऑक्सिजन मोजणारा प्रोब एका जागी बसवलेला असतो. तो त्या जागेचं खरं सांगतो. आपण ते सगळ्या टाकीचं धरतो.

लहान टाकीत यशस्वी झालेली बॅच मोठ्या टाकीत फसते तेव्हा पेशी तीच, खाद्य तेच, सरासरीही तीच असते. पेशी सरासरीत राहत नाही. ती त्या-त्या सेकंदात राहते.

*

विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा प्रोब मुळात लेलंड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात रक्तासाठी बनवला. टोकाला पातळ पडदा, आत इलेक्ट्रोड. पडद्यातून आलेला ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर खर्च होतो, तेवढा प्रवाह वाहतो, तोच आकडा. मोजणाराही थोडा खातोच.

मीटरवर ३० दिसतं ते उरलेलं. किती आलं आणि किती गेलं, ते त्यात नाही. पेशी विरळ असलेल्या संथ टाकीतही ३०, आणि मोटर पूर्ण जोरावर असलेल्या टाकीतही ३०. महिनाअखेरीला सारखीच शिल्लक असलेल्या दोन घरांत सारखाच व्यवहार झाला, असं कोण म्हणेल?

*

टाकी किती देऊ शकते हे मोजायची एक सरळ रीत आहे: हवा बंद करायची. डीओ उतरू लागतो. उताराचा वेग सांगतो की पेशी किती खातात. गुदमरण्याच्या रेषेच्या वरच थांबायचं आणि हवा पुन्हा सोडायची. चढाचा वेग, खाणं धरून, सांगतो की टाकी किती देते. दोन्ही आकडे हवा चालू असतानाही खरेच होते. एकमेकांत मिटून गेल्यामुळे दिसत नव्हते.

हे करताना व्हॉल्व्हवरचा हात काढायचा नाही.

*

रात्रपाळीला ऑपरेटर सांगतो, "साहेब, डीओ पडतोय." साहेब म्हणतात, "आरपीएम वाढव." आधी पात्यांचा वेग वाढवायचा, मग हवा, मग दाब, मग हवेत शुद्ध ऑक्सिजन मिसळायचा. बहुतेक ठिकाणी आता हा क्रम संगणकच चालवतो. पडणारा डीओ त्रासदायक खरा, पण त्याचा अर्थ आत वाढ जोरात आहे.

पहाटे तोच ऑपरेटर सांगतो, "साहेब, डीओ एकदम वर गेला." नवखा असेल तर त्याचा जीव भांड्यात पडतो. जुना माणूस विचारतो, "फीड चालू आहे ना?" आरपीएम तेच, हवा तीच, तरी आकडा उसळला, याचा अर्थ ऑक्सिजन जास्त आला नाही, घेणारे थांबले. साखर संपली असेल, पंप अडकला असेल. फीड पुन्हा सुरू झालं आणि आकडा धडधडत खाली आला, की खोलीत सगळे मोकळे होतात. काही ठिकाणी तर ही उसळीच खूण धरतात: डीओ वर गेला की साखरेचा पंप आपोआप सुरू.

पेशी टाकण्याआधी ब्रॉथमधून हवा सोडून प्रोबला सांगतात, हे शंभर. त्यानंतर आकडा पुन्हा शंभराला भिडून तिथेच राहिला, तर टाकीत श्वास घेणारं कोणी उरलेलं नाही. चालत्या बॅचमध्ये टाकी कायम उणीच असते.

म्हणून पाळीवर बसलेल्याने आकडा किती वर आहे एवढंच पाहून भागत नाही. तो खाली ओढणारं आत कोणी आहे का, हे त्याला आधी पाहावं लागतं.